मटकीला माती लागत नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची लेक पाचवीत होती. घटक चाचणीत प्रश्न आला, 'बी रुजण्यासाठी कशाची गरज असते?' तिने लिहिलं, 'पाणी, हवा आणि ऊब. माती लागत नाही, कारण आई मटकीला मोड आणते तेव्हा फडक्यात माती नसते.' त्यावर लाल फुली. बाईंनी वहीत उतरवून दिलेलं उत्तर होतं, 'माती, पाणी आणि सूर्यप्रकाश.'

पेपर घेऊन शाळेत गेले. बाईंबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. त्या म्हणाल्या, "अहो, तिचं बरोबर आहे, कळतंय मला. पण वर्गात 58 मुलं आहेत. प्रत्येकाचं वेगळं उत्तर वाचत बसले तर पोर्शन कधी संपवू?" शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय. इथे जवळजवळ दुप्पट.

पण घरी आल्यावर लेकीने विचारलं, "आई, मग पुढच्या वेळी मी माती लिहू का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खोडून वहीतलं लिहायला आपण तिला शिकवतोय, आणि त्याचे मार्क देतोय! मे महिन्यात दाखला काढला.

होमस्कूलिंग, म्हणजे मुलाला शाळेऐवजी घरीच शिकवणं, म्हटलं की लोकांना वाटतं हे श्रीमंतांचे चोचले, नाहीतर मुलाला 'जीनियस' बनवायचा हट्ट. मला भेटलेले बहुतेक पालक तसे नाहीत. कुणाचं मूल वाचताना अडखळत होतं आणि रोज हसं होत होतं. कुणाचं पोटदुखीने रोज सकाळी रडायचं. कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेखच नाही. उलट मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. त्यामुळे मनात धाकधूक असतेच. दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून देता येते, त्यासाठी वय 14 पूर्ण लागतं. तोवर भिस्त आपल्यावरच.

आणि हे सोपं नाही. मी नोकरी सोडली, म्हणून जमलं. जिथे दोघांनी कमावल्याशिवाय चूल पेटत नाही, तिथे हा मार्ग सुचवणंही अन्याय आहे. शिवाय दुपारी चार वाजता सोसायटीतली मुलं शाळेतून येईपर्यंत लेक गॅलरीत उभी असायची. तिची ती वाट बघणारी पाठ मी विसरलेले नाही.

म्हणूनच मला शाळा हवी आहे. पण कशी? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी डहाणूजवळच्या कोसबाडला वारली आदिवासी मुलांसाठी जे केलं, ते बघा. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा! मूल जिथे आहे, त्याला जे माहीत आहे, तिथून सुरुवात. तेही ना पैसा, ना संगणक अशा काळात.

आज 'प्रथम' संस्थेच्या 2024 च्या 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणी अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीचा धडा नीट वाचता येतो. पाच वर्षं शाळेत जाऊन! आणि आपण भांडतोय कोडिंग पहिलीपासून की तिसरीपासून यावर. आधी समजून वाचता येऊ द्या. स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिता येऊ द्यात. आपलं म्हणणं वर्गात उभं राहून मांडता येऊ दे, आणि समोरच्याचं पटलं तर बदलताही येऊ दे. बी पेरून, वजनकाट्यावर मोजून, एसटीचं वेळापत्रक वाचून शिकू द्या. हे सगळं घरी एकट्याने जमत नाही, त्याला वेगवेगळ्या घरांतली 25-30 मुलं लागतात.

या जूनमध्ये लेक पुन्हा शाळेत जातेय, तिच्याच इच्छेने. छोटी मराठी शाळा आहे, घरापासून तासभर लांब. भेटायला गेलो तेव्हा तिने तिथल्या सरांना पहिलाच प्रश्न विचारला, "बी रुजायला माती लागते का?" सर थोडं थांबले आणि म्हणाले, "तुला काय वाटतं? करून बघायचं का?"

प्रवेशाचा फॉर्म तिथेच भरला.