बडोद्याला समुद्र नाही म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळपासून ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. खंभातच्या आखाताकाठी एका कंपनीने 'शासन आणि उद्योग यांच्या भागीदारीतून' खारफुटी लावली म्हणे. खाली टाळ्या आणि गुच्छ. जरा मोठा करून बघा हो तो फोटो. लावणाऱ्यांचे बूट कोरडे. जमिनीला भेगा, भेगांच्या कडेला पांढरं मीठ. रोप खड्ड्यात उतरवलंय ते काळ्या पिशवीसकट. आणि पहिला पाऊस अजून पडायचाय.

तिवराला, म्हणजे इथे लावतात त्या खारफुटीच्या झाडाला, समुद्राचं पाणी लागतं, नुसतं मीठ नाही. असल्या भेगाळ जमिनीवर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी तेवढं पोचतं. मधल्या दिवसांत ते वाळतं, मीठ मागे राहतं आणि पुढचं उधाण येईपर्यंत मातीतला खार कोवळ्या रोपाला सोसवेनासा होतो. तिथे लावायचंच असेल तर आधी खाडीपासून मुख्य चर खणायचा, त्याला दोन्ही बाजूंनी माशाच्या काट्यासारखे तिरके उपचर काढायचे, म्हणजे भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचंही पाणी आत येतं आणि ओहोटीला निघून जातं. उतार चुकला की पाणी तुंबतं आणि मुळं गुदमरतात. शिवाय हे चर गाळाने भरतात, ते दरवर्षी उपसावे लागतात. त्या उपशाचे पैसे करारात आहेत का, हे कुणी विचारलंय?

पिशवीचं तर काय बोलणार. पिशवी फाडून काढली नाही तर मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात, चिखल धरत नाहीत, आणि पहिल्याच जोरदार उधाणात रोप उपटून जातं.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक उधाणाला १० मीटरच्या वर जातो. म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी चढतं आणि उतरतं, तेही गाळाने गढूळ झालेलं. उघड्या चिखलावर नुसतं बी टोचलं तर ते वाहून तरी जातं, नाहीतर गाळाखाली गाडलं तरी जातं. म्हणून तिथे चिखलाचे फूटभर उंच ओटे करतात आणि प्रत्येक ओट्यावर मूठभर बिया टोचतात. बी पावसाळ्यात पिकतं. पिवळसर झालेलं बी झाडावरून काढायचं, दिवसभर पाण्यात ठेवायचं, वरचं साल सुटलं की मुळाचं टोक खाली करून साधारण तिसरा हिस्सा चिखलात खोचायचं. खोल गेलं तर कुजतं, वर राहिलं तर भरती घेऊन जाते. उगवल्यावरही सुटका नाही. खोडावर शिंपल्यांसारखे कवचवाले जीव चिकटून रोप वाकवतात, शेवाळाच्या चादरी पानांवर बसतात, गुरं आणि उंट शेंडे खातात. पहिल्या वर्षी मर होणारच, ती दुसऱ्या पावसाळ्यात भरून काढायची असते. हे सगळं किनाऱ्यावरच्या बायकांना तोंडपाठ आहे. फोटोत त्या कुठे आहेत?

त्या फोटोतल्या फलकावर रोपांचा आकडा मोठ्या अक्षरांत आहे, आणि राग त्याचाच येतो. भागीदारी म्हणजे कंपनीचा पैसा, सरकारची जमीन आणि तंत्र, गावाची मेहनत. ठीक. पण पैसा लावलेल्या रोपांवर सुटत असेल तर रोपं लावलीच जातील, जगवेल कोण? हप्ते जगलेल्या रोपांवर बांधा. थोडा भाग लावणीला, बाकीचा पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षीच्या मोजणीनंतर. मोजणीसाठी १० मीटर बाय १० मीटरचे चौकोन आधीच नकाशावर ठरवा आणि दरवेळी तेच मोजा. नाहीतर खाडीच्या तोंडाशी झाडं तरारलेली असतात, तिथेच साहेबांना नेतात. उपग्रह मदतीला येईल म्हणू नका. झाडांची सावली जुळेपर्यंत त्याला चिखलच दिसतो.

आता कुणीतरी आकडा टाकणारच, म्हणून आधीच सांगते. हो, गुजरातेत खारफुटी वाढली. १९८७ च्या वन अहवालात ४२७ चौरस किलोमीटर होती, २०२१ च्या अहवालात १,१७५, देशात पश्चिम बंगालनंतर दुसरी. लावणीने झालं, सरकारनेच केलं. मान्य. पण त्यातली बहुतेक कच्छकडे आहे, आणि २०२३ च्या अहवालात गुजरातचा आकडा खाली आलाय, हेही टाका.

'आपला काय संबंध, बडोद्याला कुठे समुद्र आहे?' हे दांडिया बाजारात राहून म्हणायचं म्हणजे कमाल आहे. द्वारकेकडचं, समुद्रकाठचं ओखामंडळ कुणाचं होतं? गायकवाडांचं. ओखा बंदर १९२६ साली सुरू झालं ते सयाजीरावांच्या बडोद्याने बांधलेलं. त्याच्याही आधी बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञाकडून ओखामंडळाच्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली, पहिला अहवाल १९०९ चा. तिथे काय आहे हे आधी जाणकाराला विचारायचं आणि मग हात घालायचा, एवढी अक्कल तेव्हाच्या दरबाराला होती.

आणि आजचा संबंध? आपली विश्वामित्री नदी ढाढरला मिळते, ढाढर खंभातच्या आखाताला. आपण नदीत टाकलेलं सगळं तिकडेच जातं. बडोद्याकडच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९८३ पासून पन्नासहून अधिक किलोमीटरच्या चॅनेलमधून जंबुसर तालुक्यात सारोदजवळ महीच्या मुखात सोडलं जातं. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जातो ना आपण, भरतीत देऊळ बुडताना बघायला? तोच किनारा. चॅनेल नसता तर हे पाणी गावोगावच्या ओढ्यांत गेलं असतं, हे खरंच. पण तिकडे पाणी सोडायचं आणि तिकडेच रोपं लावल्याचा फोटो काढायचा, याला भागीदारी म्हणवत नाही.

काही ठिकाणी बरं चाललंय, तेही लिहिते, नुसती चिडचिड नको. महाराष्ट्रात खारफुटी सांभाळायला वन खात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. तिथल्या उपजीविका योजनेत गावाची सहव्यवस्थापन समिती बनते आणि खेकडे, कालवं, जिताडा पाळायला गटाला ९० टक्के, एकट्याला ७५ टक्के अनुदान मिळतं. झाड उभं राहिलं तर खेकडा, खेकडा तर पैसा. राखणदार नेमावा लागत नाही. तिथेही भराव टाकणारे आहेतच, पण निदान झाड जगण्यात कुणाचं तरी पोट आहे. खारफुटी लावण्याच्या केंद्राच्या २०२३ च्या मिष्टी योजनेतही रोजगार हमी आणि वनीकरणाचा पैसा एकत्र आणायचं म्हटलंय, ५४० चौरस किलोमीटरसाठी. रोजगार हमीतून चर उपसता आले तर निम्मं दुखणं जाईल.

किनारा नियमावलीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत स्थानिक पारंपरिक समाजाचे निदान तीन प्रतिनिधी हवेत, मच्छीमारांसकट. एवढं साधं कलम आहे. त्यांची नावं गावाला माहीत असावीत, बैठक ओहोटीची वेळ टाळून ठेवावी, कारण ओहोटीला माणसं जाळ्यावर असतात. हे कुणाला सुचत नाही याचंच नवल वाटतं.

माझ्या यादीतले कितीतरी जण कंपन्यांत सीएसआर, म्हणजे समाजकार्याचा खर्च, बघतात. तुम्हालाच सांगतेय, तुम्ही ऐकाल म्हणून. सही करण्याआधी गुरं आवरण्याची सोय विचारा. चाऱ्याचे पैसे नसतील तर कुंपण टिकत नाही, गावच ते तोडतं, आणि त्यात गावाची चूक नाही. आणि चॅनेलच्या मुखाशी पाण्याची जी तपासणी होते, तिचे आकडे दर महिन्याला जंबुसरच्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लावा. गुजरातीत.