दहा वर्षांची शिक्षा कागदावर होतीच की

परवा पुण्यात लक्ष्मी रोडवर एका ट्रॅफिकवाल्या पोरीची एक बाई कॉलर धरत होती. गाडी नो पार्किंगमधून उचलली म्हणून. पाच-पन्नास माणसं उभी, निम्म्यांचे मोबाईल वर. मी मध्ये पडले, दोन शब्द ऐकून घेतले आणि घरी आले. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

मी पोलीस लाईनीत वाढलेली मुलगी. बाबा हवालदार होते. विसर्जनाचा बंदोबस्त संपवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले की बूट काढताना त्यांचे पाय पांढरे पडलेले असायचे. २०११ साली रात्रीच्या नाकाबंदीत त्यांनी एक गाडी थांबवली. चालवणाऱ्या मुलाच्या तोंडाला दारूचा वास होता, म्हणून मशीनमध्ये फुंकायला सांगितलं. मुलाने खाली उतरून लोखंडी पान्याने त्यांच्या हातावर मारलं. मनगटाचं हाड मोडलं.

पोलिसांवर हल्ला झाल्याची बातमी आली की लोक लिहितात, 'कायदा कडक करा.' अहो, कायदा तेव्हाही कडकच होता. हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३३३, दहा वर्षांपर्यंत कैद. निकाल यायला आठ वर्षं लागली. दोन्ही पंच फितूर झाले. ज्या चहावाल्याने बाबांना उचलून रिक्षात बसवलं होतं, तो कोर्टात म्हणाला, 'मी काही पाहिलं नाही.' मी त्याला दोष देत नाही; त्याला त्याच चौकात धंदा करायचा होता. मुलगा निर्दोष सुटला. तोवर बाबा रिटायर झालेले. समन्स आलं की इस्त्रीचा शर्ट घालून पीएमटीने जायचे, दिवसभर बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे. मधल्या काळात 'मिटवून टाका, पोराचं करिअर आहे' असं सांगणारे किती आले! त्यात खात्यातलेही होते.

आपल्या राज्याने २०१८ मध्ये कलम ३५३ची, म्हणजे काम करणाऱ्या सरकारी नोकरावर हल्ला करून त्याला अडवण्याची, शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १३२ मध्ये, म्हणजे जुन्या ३५३मध्ये, शिक्षा दोनच वर्षं आहे. दुखापत केली तर कलम १२१, पाच वर्षांपर्यंत; गंभीर दुखापत असेल तर किमान एक आणि जास्तीत जास्त दहा. दोनाचे पाच, पाचाचे दोन. गाडी अंगावर घालणाऱ्याला यातला एकही आकडा माहीत नसतो. 'काही होत नाही, मिटतं' एवढंच त्याला माहीत असतं, आणि ते त्याला आपणच शिकवलंय. त्याच जुलैमध्ये, कायदा बदलून आठवडा झाला नव्हता, तर बुधवार पेठेत एका दारू प्यायलेल्या वाहनचालकाने कारवाई करणाऱ्या महिला पोलिसावर पेट्रोल ओतून तिला पेटवायचा प्रयत्न केला. २०१६ साली मुंबईत खारला वाहतूक हवालदार विलास शिंदे डोक्यात लाकडी दांडक्याचा घाव बसून गेले. एका अल्पवयीन मुलाची बाईक त्यांनी अडवली होती, एवढंच निमित्त.

आणखी एक गोष्ट, आणि ती पोलिसाची मुलगी म्हणूनच बोलते. प्रत्येक सरकारी ऑफिसात 'कलम ३५३'ची पाटी लावलेली आपण पाहिली आहे. दाखल्यासाठी चार हेलपाटे घातलेला माणूस चिडून ओरडला की त्यालाही तीच भीती दाखवायची. कायद्याला हल्ला लागतो, बळाचा वापर लागतो. आवाज चढवणं त्यात बसत नाही. असल्या केसेसची भर पडत गेली की खरी केस त्या ढिगाखाली जाते, आणि पंचांनाही ती खोटीच वाटायला लागते.

मला शिक्षा वाढवून नको आहे. हल्ल्याचा खटला वर्षाच्या आत संपवा. नाकाबंदीवरच्या प्रत्येक शिपायाच्या छातीवर चालू कॅमेरा असू दे, म्हणजे चहावाल्याच्या धैर्यावर केस टांगलेली राहणार नाही. रिटायर झालेल्या फिर्यादीला कोर्टात न्यायला-आणायला खात्याचं माणूस द्या. आणि मिटवून घ्या म्हणणाऱ्या साहेबाची लेखी नोंद करा.

त्या ट्रॅफिकवाल्या पोरीला मी माझा नंबर दिलाय. साक्षीला बोलावलं तर मी जाणार आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, डबा घेऊन जा, दिवस जातो.