म्युझियमला जाताना आईला न्या

शुक्रवार संध्याकाळ झाली की आमच्या ग्रुपवर यादी पडते. सकाळी शनिवारवाडा, मग लाल महाल, केळकर म्युझियम, जेवण, आगाखान पॅलेस, उन्हं उतरली की पर्वती. एका दिवसात! लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेला माणूसही प्रत्येक घरी याहून जास्त टेकतो.

माझं मत सरळ आहे. एका रविवारी एकच पेठ, फार तर दोन जागा. आणि पोरांना न्यायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला न्या.

गेल्या महिन्यात आईला घेऊन राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. पेठेत गाडी लावायची म्हणजे निम्मा दिवस आणि सगळी मनःशांती तिथेच जाते, म्हणून मेट्रोने मंडईला उतरलो आणि रमतगमत बाजीराव रोडने चालत आलो. मला वाटलं होतं तासाभरात उरकेल. आई वजऱ्यांच्या कपाटापाशीच अडकली. वजरी म्हणजे काय हे मला कुठे माहीत! "अरे, टाचा घासायची. आमच्या नहाणीच्या कोनाड्यात असायची, मातीची. हिच्यावर बघ, पाखरं बसवलीत. टाच घासायला पाखरं!" आणि हसत सुटली. मग अडकित्ते. सुपारी कातरायच्या एवढ्याशा हत्याराला घोड्याचा नाहीतर माणसाचा आकार द्यायला कारागिराने जीव ओतलेला. आईच्या आत्याबाई दुपारी पान लावत बसायच्या, त्यांचा अडकित्ता कुणी नेला, यावरून झालेलं भांडणही मला तिथे पहिल्यांदा कळलं. कपाटाला लावलेल्या पाटीवर यातलं काहीच नसतं.

संग्रहालयाच्या नावातला 'राजा' म्हणजे कुणी संस्थानिक असणार, असं मला दहावीपर्यंत वाटायचं. राजा हा दिनकर गंगाधर केळकरांचा मुलगा, लहानपणीच गेला. केळकरांचा धंदा चष्म्यांचा, कविता करायचे 'अज्ञातवासी' या नावाने आणि गावोगाव फिरून दिवे, दौती, वाद्यं, वाड्यांचे दरवाजे गोळा करायचे. संग्रह २० हजार वस्तूंच्या घरात गेला, मांडलेल्या आहेत त्यातल्या थोड्याच. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी इथे आणून उभे केले. लोक तिथे फोटो काढतात आणि वजऱ्यांवरून तीरासारखे पुढे जातात. असो.

दुसरा रविवार पाण्याचा काढा. शनिवारवाड्यात सगळे ३० ऑगस्ट १७७३ आणि नारायणरावांची 'काका, मला वाचवा' ऐकायला जातात. वाडा तर १८२८ च्या आगीत गेला, उरले चौथरे. पण त्या हजारी कारंज्यापाशी उभं राहून विचारा की पाणी यायचं कुठून? कात्रजहून! नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिथे तलाव बांधून जमिनीखालून दगडी नळ शहरात आणला. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. नळात हवा कोंडू नये, गाळ खाली बसावा म्हणून मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवलेले. काय शब्द आहे बघा, उच्छ्वास! नळ पुढे पेठांतल्या हौदांना पाणी द्यायचा. आजही काळा हौद, बदामी हौद हे रिक्षावाल्याला सांगायचे पत्ते आहेत.

याच फेरीत फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद बघा. डॉ. विश्राम रामजी घोले हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनी मुलीला, काशीला, शाळेत घातलं. लाडाने तिला बाहुली म्हणत. मुलीने शिकणं ज्यांना खुपलं त्या नातलगांनी तिला काच कुटून घातलेला लाडू दिला, असं सांगतात. तिच्या आठवणीसाठी हा हौद. मी कित्येक वर्षं त्याच्यासमोरून भाजी घेऊन गेलोय. आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, हौदाच्या दगडाला हात लावून उभी राहिली.

लहान मुलं बरोबर असतील तर कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम. छोट्या गाड्या सुरू झाल्या की बापच जास्त पुढे वाकतात. आगाखान पॅलेसला मात्र एकट्याने जा. ९ ऑगस्ट १९४२ ला पकडलेले गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्टला तिथेच कैदेत वारले, पुरता आठवडाही नाही. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या बागेच्या मागच्या बाजूला आहेत. तिथे सेल्फी काढणाऱ्यांना काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही.

पर्वती राहिली. १०३ पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, आणि तसाही तिचा पुढचा रविवार ठरलाय. केळकरांकडचे दिवे नीट बघायचे राहिलेत म्हणे. या वेळी मावशीही येणार आहे. दोघी पुढे, पाण्याची बाटली घेऊन मी मागे.