बहर भरायची वाट बघू नका, सावर आत्ताच टिपा

फेब्रुवारी आला की सगळ्यांच्या मोबाईलवर जपानच्या चेरी ब्लॉसमचे फोटो फिरतात, आणि सुंदरच असतात ते, वादच नाही. पण तिथली एक गोष्ट मला लई आवडते. टोकियोतली नेहमीची चेरी फुलते मार्चच्या शेवटी, पण कावाझू नावाच्या गावातली चेरी फेब्रुवारीतच फुलते आणि लोकं मोठ्या बहराची वाट न बघता कॅमेरे घेऊन तिकडं पोचतात.

आपल्याकडं संभाजीनगरात चेरी नाही जमणार, तिला फुलायला हिवाळाभर कडक थंडी लागते. पण काटेसावर आहे की! आमच्या कॉलनीच्या बागेतली सावर यंदा जानेवारीतच फुलायला लागली आणि ज्याला सांगावं तो म्हणतो, थांब ना, झाड भरू दे, मग भारी फोटो येईल. मला हे अजिबात पटत नाही. सावरीचा फोटो काढायचा तर आत्ताच, झाडावर मोजकी फुलं असताना.

आत्ता पान एक नाही, नुसत्या आडव्या फांद्या, त्यावर काळपट गोल कळ्या, एखादी नुकतीच तडकलेली अन् आतनं लाल दिसायलेली, आणि शेजारी पूर्ण उमललेलं फूल, पाच जाड पाकळ्या मागं वळलेल्या, मधी पुंकेसरांचा झुबका. झाड भरलं की हे सगळं त्या लाल गर्दीत हरवतं. दुसरं म्हणजे पाखरं. आजूबाजूला फुललेलं फारसं काही नसतं, म्हणून मैना, बुलबुल, शिंजीर सगळे याच झाडावर. आणि भोरड्या! ज्वारीवर उतरतात म्हणून शेतकरी गोफण घेऊन ज्यांच्यामागं पळतो त्याच, पार मध्य आशियातनं आलेल्या. सकाळी फुलात मुंडकं घालून मध पितात अन् बाहेर येतात तेव्हा तोंडाला पराग लागलेले असतात, तो फोटो घ्या एकदा.

फूल वर तोंड करून उमलतं, त्यामुळं झाडाखाली उभं राहिलं तर नुसता देठच दिसतो, शेजारच्या काकूंना विचारून गच्चीवर जा. मोबाईलमध्ये लाल रंग फार भडक येतो अन् पाकळीवरच्या रेषाच गायब होतात, म्हणून फुलावर बोट ठेवून ब्राइटनेस थोडा खाली ओढायचा. ऊन चढायच्या आत जायचं, बास.

आणि पोरांनो, रीलसाठी काठ्या मारून फुलं पाडू नका रे, खाली आपोआप पडलेली कितीतरी असतात, ती घ्या. मोठ्यांनाही सांगणं आहे, तारांना लागतात म्हणून नेमक्या कळ्या धरल्यावर फांद्या छाटतात, ते बघून जीव तुटतो. छाटायच्याच असतील तर उन्हाळ्यात बोंडं फुटून कापूस उडून गेल्यावर छाटा, तोवर पाखरांचंही खाऊन झालेलं असतं.

तुमच्याकडं कुठं सावर फुलली असेल तर लोकेशन पाठवा, मी रविवारी सकाळी येतो.