वापरलं नाही तरी फी लागते

आमच्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘क्रेडिट कार्ड वापरलं नाही तर वार्षिक फी लागत नाही. लावली तरी भरू नका, वर्षभरात कार्ड आपोआप बंद होतं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.’ दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मावशीने तो खरा मानला, म्हणून लिहितेय.

‘वापरलं नाही तर फी नाही.’ चूक. फी वापराची नसते, खातं चालू असल्याची असते. मावशीचं कार्ड पाकिटातल्या कागदाला चिकटलेलंच होतं. तरी दुसऱ्या वर्षीच्या बिलात दोन ओळी आल्या: वार्षिक फी 499 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 89.82. फुकट होतं ते पहिलं वर्ष. अटींच्या कागदावर तसं छापलंय. कार्ड देणारा मुलगा मात्र नुसतं ‘फ्री’ म्हणाला होता.

‘आपोआप बंद होतं.’ इथे अर्धं सत्य आहे, आणि तेच घात करतं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे, कार्ड 30 दिवसांत सुरू केलं नाही तर बँकेने ओटीपीने संमती मागायची. ती मिळाली नाही तर खर्च न लावता खातं बंद करायचं. पण मावशीने फोनवर ओटीपी देऊन टाकला होता! त्यानंतर वर्षाहून जास्त काळ कार्ड पडून राहिलं तर बँक आधी कळवते, 30 दिवस उत्तराची वाट पाहते, मग बंद करते. तेही बाकी भरलेली असेल तरच. आणि फी हीसुद्धा बाकीच.

‘भरू नका.’ हा सल्ला सगळ्यात वाईट. फी थकली आणि मुदत उलटून तीन दिवसांहून जास्त झाले की लेट फी लागू शकते, आणि थकबाकीची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात त्या अहवालात, जाऊ शकते. 589 रुपयांपायी उद्या घराच्या कर्जाला अडचण कशाला?

‘मग भरपूर खरेदी करा, फी माफ होते.’ बऱ्याच कार्डांवर होते. पण नको असलेली खरेदी करून पाचशे वाचवण्यात काय हशील?

आम्ही बाकी भरली आणि अ‍ॅपवरून कार्ड बंद करायची विनंती टाकली. बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करायचं असतं. उशीर झाला तर दर दिवशी 500 रुपये ग्राहकाला द्यायचे. सहाव्या दिवशी मावशीला बंद झाल्याचा मेसेज आला. तिने कात्री घेऊन चिप मधोमध कापली.