बोट, डोळे आणि आरती : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

सप्रेम नमस्कार. डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणाचे बोट आरतीच्या वेळी हलले, त्याविषयी मी चवथीनंतर जो लेख लिहिला, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपल्या थोरल्या भावाच्या उशाशी, कोणीतरी सांगितले म्हणून, चौदा महिने दिवसभर भजने लावून ठेवली होती आणि तरीही जाईपर्यंत त्यांनी कोणाला ओळखले नाही, असे आपण लिहिले आहे. संगीताने मेंदू जागा होतो हा भ्रम आहे, बोट हलण्याला जाणीव म्हणणे ही घरच्यांची फसवणूक आहे आणि फिजिओथेरपिस्ट म्हणवणाऱ्याने तरी ती करू नये, हा आपला आक्षेप आहे.

त्यातला एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. ‘घुमटावर पहिली थाप पडताच तो जागा झाला’ हे माझे वाक्य (घुमट म्हणजे आरतीला वाजवतात ते आपले मातीचे चर्मवाद्य) चुकीचे होते. मोठ्या आवाजाला दचकणे ही मेंदूच्या खालच्या भागातून, ब्रेनस्टेममधून, होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि जाणीव मुळीच नसलेल्या माणसातही ती दिसते. ते वाक्य मी आज लेखातून काढले आहे.

मात्र मी ज्याविषयी लिहीत होतो तो उपचार नव्हता, ती तपासणी होती, आणि हा फरक लेखात ठळकपणे न मांडणे ही माझी दुसरी चूक. संगीताने माणूस शुद्धीवर येतो असा माझा दावा नाही. समोरचा माणूस आत जागा आहे की नाही, हे विचारण्याचा तो एक मार्ग आहे, इतकेच मी म्हणतो. असे विचारण्याची गरज का पडते, ते पाहा. लंडनमधील पटनी येथील रॉयल हॉस्पिटल फॉर न्यूरो-डिसॅबिलिटीमध्ये ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ (डोळे उघडे, पण जाणीव नाही अशी अवस्था) असे निदान होऊन आलेल्या 40 रुग्णांपैकी 17 जणांचे निदान चुकीचे असल्याचे 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. 2024 मधील एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेली कोणतीही हालचाल न करणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांचे मेंदू एफएमआरआय (मेंदूचे काम टिपणारे स्कॅन) किंवा ईईजीवर (मेंदूतील विद्युत लहरींच्या नोंदीवर) मात्र सूचनेला प्रतिसाद देताना दिसले.

‘हात उचल’ या सूचनेला प्रतिसाद न देण्याची कारणे अनेक असतात. कानाजवळचे हाड मोडून ऐकू येत नसेल, फिट येऊ नये म्हणून दिलेल्या औषधांची गुंगी असेल, किंवा भाषा समजणारा मेंदूचा भागच दुखावलेला असेल. आपल्या गोव्यात आणखी एक गोष्ट असते. या मुलाच्या घरात बोलणे कोकणी, आरती मराठी आणि वॉर्डातल्या सूचना हिंदीत. ‘हात उखल’ असे त्याला कोणी म्हटलेच नव्हते. मेंदूत संगीताची वाट भाषेच्या वाटेपासून काही अंशी वेगळी असते, म्हणून शब्द पोचत नाहीत तिथे ओळखीची चाल कधी कधी पोचते. याच आधारावर संगीतोपचारतज्ज्ञ वेंडी मगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पटनीच्या रुग्णालयात ‘मॅटाडॉक’ ही तपासणी विकसित केली. तिच्यात 14 बाबी आहेत आणि सात ते दहा दिवसांत चार बैठकी घेतल्या जातात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा अभ्यास 21 रुग्णांचा होता. ही संख्या लहानच आहे आणि केवळ या तपासणीवर निदान ठरवावे असे मी म्हणणार नाही. तिचे रीतसर प्रशिक्षणही माझ्याकडे नाही. मी तिच्याकडून घेतली ती फक्त शिस्त.

ती शिस्त म्हणजे काय, ते त्या मुलाच्या खोलीतच सांगतो. आरतीच्या प्रसंगानंतर मी दहा दिवसांत चार वेळा त्याच्याकडे गेलो. प्रत्येक वेळी आधी दहा मिनिटे पूर्ण शांतता ठेवली. टीव्ही बंद, मोबाईल बंद, कोणी बोलायचे नाही. या शांततेत मी उजव्या तर्जनीची हालचाल मोजली. पहिल्या दिवशी ती सहा वेळा हलली. मग त्याच्या आईने आरतीची चाल, त्याच्या श्वासाच्या लयीत, हळू म्हटली. दहा मिनिटांत बोट पाच वेळा हलले. पुढच्या तिन्ही खेपांना असेच झाले. म्हणजे ज्या बोटावर मी अख्खा लेख लिहिला, त्याचा आरतीशी काहीही संबंध नव्हता, आणि हे मला शांततेने सांगितले.

डोळ्यांचे मात्र वेगळे होते. आई डावीकडून गाऊ लागली की डोळे डावीकडे जात. ती गप्प राहून पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेली आणि पुन्हा गाऊ लागली की काही क्षणांनी उजवीकडे येत. चारपैकी तीन खेपांना हे घडले, चौथ्या खेपेला त्याला ताप होता. तिचाच आवाज मोबाईलवर लावला तेव्हा डोळे हलले नाहीत. याला मी जाणीव म्हटले नाही. तारीख, वेळ, औषधे आणि हालचाली लिहिलेली वही मी त्याच्या न्यूरोलॉजिस्टना दिली आणि प्रमाणित तपासणी, तीही एकदा नव्हे तर थोड्या दिवसांत किमान पाच वेळा, कोकणीत करण्याची विनंती केली. ती सध्या सुरू आहे.

दिवसभर लावलेल्या भजनांविषयी आपण विचारले आहे. सतत चालू असलेला आवाज हळूहळू पंख्याच्या घरघरीसारखा होतो. त्यात प्रतिसाद असला तरी तो ओळखता येत नाही, कारण तुलनेला शांतता उरत नाही. आपल्याला हे कोणी सांगितले नाही, यात आपला दोष नाही. आपल्या भावाच्या आत जाणीव होती की नव्हती, हे आज मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर आपण विश्वासही ठेवू नये. मात्र त्यांच्या उशाशी स्वतः बसून कोणी गात असे का, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांचे काय होई, हे आपल्याला आठवत असेल व लिहावेसे वाटत असेल, तर मला अवश्य लिहा.

आपला नम्र,
लेखक, फोंडे