रश्श्याबद्दल कुणी बोलेल का?

रविवारी मिसळ कुठे खायची, असं नाशकात कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं, 'गंगापूर रोडला जा, झोपाळे आहेत, पार्किंग मस्त!' अरे, मी मिसळीचं विचारलं होतं! रस्सा काळ्या मसाल्याचा की लाल? मटकीला नीट मोड आलेत, की शिजून गाळ झालाय? तर्रीला मसाल्याचा वास आहे का, की नुसतंच तेल? यावर चकार शब्द नाही.

आणि पंचवटीतल्या गल्लीत चार बाकड्यांवर वर्षानुवर्षं एकच चव राखणाऱ्या काकांना एक स्टार. का, तर 'बसायला जागा नाही'! परवा माझ्या भाच्यानेच दिला. पापड, दही, दोनदा मागून घेतलेला रस्सा, सगळं चाटूनपुसून खाल्ल्यावर! असा संताप झाला माझा. त्यांचं घर चालतं हो त्यावर.